अठरा पाकिटं

माझ्या पदवीचा सोहळा असा काही झाला नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून आमच्या बॅचच्या पदव्या कॉलेजात येऊन पडल्या, ऑफिसातून फोन आला आणि मी पुण्याहून रात्रीच्या एसटीने लातूरला गेले. रजिस्टरवर सही केली, पदवी फाईलमध्ये घातली आणि त्याच संध्याकाळी परत फिरले, कारण दुसऱ्या दिवशी मॉर्निंग ड्युटी होती. आईला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. तिचं उत्तर आलं, "आडनावाची वेलांटी बघून घे. मागून लई हेलपाटे पडतेत."

वेलांटी बरोबर होती.

बीएस्सी नर्सिंगला मी २०१४ साली लागले, २०१८ मध्ये पास झाले. त्या चार वर्षांत अभ्यासापेक्षा जास्त धास्ती होती केसबुकाची. स्वतःच्या हाताने केलेल्या वीस नॉर्मल डिलिव्हरींची नोंद त्यात लागायची, नाहीतर परीक्षेला बसता येत नसे. सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये बाळंतीण एक आणि तिच्या भोवती इंटर्न डॉक्टर, जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुली आणि आम्ही. बाहेरच्या बाकावर आळीपाळीने झोपायचो. आतून "फुल झाली", म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, अशी हाक आली की जिचे ग्लोव्हज आधी चढतील तिची केस. यावरून मैत्रिणीमैत्रिणींत अबोले झालेत. माझी विसावी डिलिव्हरी झाली त्या पहाटे मी गेटसमोरच्या गाड्यावर सगळ्यांना पोहे खाऊ घातले. नोकरीला लागल्यापासून मात्र मी एकही डिलिव्हरी केलेली नाही. आमच्या आरोग्य उपकेंद्रात होतच नाहीत. १०८ बोलवायची, बाईला गाडीत बसवायचं आणि ग्रामीण रुग्णालयाला फोन करून ठेवायचा.

पहिल्या वर्षी दिव्यांचा कार्यक्रम असतो. पांढरा गणवेश, हातात दिवा आणि इंग्रजीतून नाइटिंगेलची शपथ. ती शपथ नाइटिंगेलने लिहिलेलीच नाही. १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये ती तयार झाली, हे मला फार नंतर कळलं. डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन, अशी तिच्यात एक ओळ आहे. तेव्हा ती घडाघडा म्हटली. पुढे ज्या खोलीत माझं खरं काम सुरू झालं, तिथून डॉक्टर चौदा किलोमीटर लांब बसायचे.

पण त्याआधी पुणं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, नंबर मिळाला, की तुम्ही कायद्याने परिचारिका. तो नंबर घेऊन मी एका खासगी हॉस्पिटलात लागले. पगार तेरा हजार. रुजू होताना मूळ मार्कमेमो आणि दाखले जमा करून घेतले, "एक वर्ष झालं की परत". असं करता येतं का, हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. पदवी नंतर हातात आली म्हणून ती तेवढी वाचली. ती मी हॉस्पिटलात दाखवलीच नाही. होस्टेलच्या ट्रंकेत, हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवून दिली.

नाईटला पंधरा पेशंट, मी आणि एक मामा. वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात, तो माझ्याहून लहान असला तरी. तिथली इन्चार्ज सिस्टर केरळची होती, मोडक्या मराठीत बोलायची. आधीच्या ड्युटीवाल्यांकडून ओव्हर घेताना मी आधी केसपेपर आणि मॉनिटर बघायचे. तिने एकदा माझा हात धरून पेशंटच्या पावलांवर ठेवला. "थंड आहे का बघ. मशीन नंतर." ती सवय अजून आहे. बाकी त्या हॉस्पिटलाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नोकरी सोडताना एक पगार बुडाला, तेव्हा कागद परत मिळाले.

सोडली ती उपकेंद्रासाठी. २०१८ पासून देशभर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली होती. (आता बोर्डावर आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलंय. गावातले 'दवाखाना' म्हणतात, तेव्हाही आणि आताही.) तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचे होते, बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले. जिल्हा रुग्णालयात सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स आणि त्या काळात दहा हजार विद्यावेतन. कोर्स झाला की पंचवीस हजार ठरलेले आणि कामाच्या इंडिकेटरप्रमाणे पंधरा हजारांपर्यंत वरचे. मला तो आकडा स्वप्नातला वाटला. वडिलांनी ऑर्डर वाचली आणि विचारलं, "अकरा महिन्यांचीच हाय का? मग बारावा महिना कुठं काढायचा?"

मार्च २०२० मध्ये मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात हजर झाले. दोन खोल्या, एक टेबल, एक खुर्ची.

खुर्ची एकच होती, हे मी उगाच सांगत नाही. तिच्यावर वीस वर्षं तिथल्या एएनएम सिस्टर, म्हणजे आरोग्यसेविका, बसत होत्या. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी लस टोचलेली. त्या कायम, मी कंत्राटी. पण कागदावर मी अधिकारी आणि वयाने त्यांच्या मुलीएवढी. पहिल्या दिवशी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बसा मॅडम." त्या 'मॅडम'ला अशी धार होती की मी दिवसभर उभीच राहिले. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून एक लाकडी स्टूल मागून आणलं आणि पुढचं वर्षभर त्याच्यावर बसून काम केलं. पाठ मोडायची.

गाव तेव्हा रिकामं होतं. हे मला नीट कळलं नव्हतं. आशाताईबरोबर घरोघर फिरायचे, तिशीच्या पुढच्या माणसांचे फॉर्म भरायचे, तर दारात एक तर म्हातारी किंवा शाळेतली पोरं. "घरचे कुठंयत?" "कोयत्याला." आम्ही लातूरकडचे, ऊसतोड ऐकून माहीत होती. पण गावच्या गाव असं उठून जातं, हे पाहिलं नव्हतं. नवरा-बायकोच्या जोडीला इथे एक 'कोयता' म्हणतात. मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि दसऱ्या-दिवाळीला ट्रक भरून टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत जातात. परत येतात ते होळी-पाडव्यानंतर. माझ्या उपकेंद्राची लोकसंख्या कागदावर तीन हजारांच्या वर होती. त्यातली कामाची माणसं वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्याच जिल्ह्यात.

मग लॉकडाऊन लागला. टोळ्या कारखान्यांवर अडकल्या. एप्रिलच्या मध्यावर सरकारने त्यांना घरी सोडायचं ठरवलं आणि एका पहाटे आमच्या गावाबाहेर ट्रक उभे राहिले. गावाने त्यांना आत घेतलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन खोल्या आणि व्हरांड्यात त्यांना चौदा दिवस ठेवलं. माझं काम होतं रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा आणि लिहायचा.

ताप कोणालाच नव्हता. चौदा दिवस नुसता ताप काय बघायचा, म्हणून मी बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर घेऊन जायला लागले. त्याआधी ही माणसं कुठल्याही आरोग्य कर्मचाऱ्याच्या हाती इतके दिवस सलग लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक काकू पुढे बसल्या. वय बेचाळीस. दंडाला कफ गुंडाळताना हाताखाली नुसता कसलेला स्नायू लागत होता. कोपरापासून मनगटापर्यंत पाचटाने कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. मशीनने दाखवलं १८४/११२. मला वाटलं चुकलं. पाच मिनिटं बसवलं, दुसऱ्या दंडावर घेतलं. १८०/११०. पावलांना हात लावून पाहिला, सूज नव्हती. डोकं दुखतं का, चक्कर येते का, धाप लागते का? काही नाही.

"मला काय झालंय? कायबी दुखत नाही," त्या म्हणाल्या. "आन दुखत असंल तर सुई टोचा की. गोळीनं काय व्हतंय?"

सुईचं हे प्रकरण उपकेंद्रातल्या प्रत्येकाला रोज भेटतं. जो सुई देतो तो डॉक्टर, बाकीचे सर्व्हे करणारे. मी डॉक्टर नाही हे सांगायचे, त्याने गोष्टी आणखीच बिघडायच्या. म्हणून मी उदाहरण द्यायला गेले. "काकू, ठिबकच्या नळीवर मोटारीचा दाब जास्त झाला तर नळीला काही दुखतं का? ती एक दिवस फुटते."

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "आमच्याकडं कुठली मोटार बाई? हिरीत पाणी असतं तर कोयत्याला कशाला गेलो असतो?"

मी गप्प बसले. पण आशाताई हसली, त्याही हसल्या आणि गोळी घ्यायला तयार झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून अॅम्लोडिपिन सुरू केली, पाच मिलिग्रॅमची, रोज एक. माझ्या रजिस्टरमध्ये त्यांचा नंबर ३७. पावसाळाभर त्या दर महिन्याला आल्या. सप्टेंबरमध्ये बीपी १३८/८८ होतं. मी त्या आकड्याभोवती हिरव्या पेनने गोल काढला. इतका आनंद मला विसाव्या डिलिव्हरीलाही झाला नव्हता.

दसऱ्यानंतर त्या गेल्या. जाताना मी तीस गोळ्या दिल्या, तीन पाकिटं. महिन्याला तपासूनच औषध द्यायचं, असं कोर्समध्ये शिकवलेलं, स्टॉकही तेवढाच. "संपल्या की तिकडच्या सरकारी दवाखान्यातून घ्या," असं सांगितलं. किती सोपं वाटलं होतं ते सांगताना! नियमात चूक काही नाही. फक्त तो ज्या माणसासाठी केलाय, ते माणूस दर महिन्याला घरी असतं.

पुढच्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट अंगावर होती. लसीकरणाच्या रांगेजवळ मला त्या दिसल्या. उजवा हात पोटाशी धरलेला, तोंड किंचित वाकडं. फेब्रुवारीत, उसाच्या फडातच, मोळी उचलताना हात लुळा पडला होता. तिकडच्या खासगी दवाखान्यात सहा दिवस काढले. खर्चाला मुकादमाकडून आणखी उचल घेतली, म्हणजे पुढचा हंगामही बांधला गेला. गोळ्या? त्या महिन्याभरात संपल्या. "काय दुखत नव्हतं म्हणून न्हाई घेतल्या परत."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला बरेच दिवस वाटायचं. रात्री खोलीवर गेले की ती तीन पाकिटं डोळ्यांपुढे यायची. टेबलावर मीच मोजून ठेवलेली.

त्या पावसाळ्यात मी नवं रजिस्टर घातलं. आमची सगळी रजिस्टरं घरक्रमांकाने असतात, हे टोळीने केलं. कोण कुठल्या मुकादमाबरोबर जातो, कारखाना कोणता, जवळचं मोठं गाव कोणतं, टोळीत कोणाचा फोन चालतो, जायची रात्र, यायचा अंदाज. ही माहिती आशाताईच्या डोक्यात सगळी तयार होती, फक्त कोणी विचारली नव्हती. तिचा नवराच मुळात एका टोळीचा गाडीवान.

डॉक्टरांकडे सहा महिन्यांच्या गोळ्या मागितल्या. त्यांनी साफ नाही म्हटलं. "बीपी न बघता सहा महिने? उद्या कोणाच्या पायाला सूज आली, कोण चक्कर येऊन पडलं, तर सही माझी आहे." त्यांचंही बरोबर होतं. पहिल्या वर्षी आम्ही दोन महिन्यांवर तडजोड केली आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. आजार, औषध, डोस, आमचा फोन नंबर, खाली शिक्का. दुसऱ्या वर्षी जरा हिंमत वाढली. तीन वेळा बीपी ताब्यात सापडलेल्यांना सहा महिन्यांचं औषध, अट एवढीच की तिकडे मिळेल तिथे महिन्यातून एकदा बीपी मोजायचं आणि आकडा मला फोनवर सांगायचा. १८० गोळ्या, म्हणजे अठरा पाकिटं. स्टॉकसाठी जुलैपासूनच मागणी लावावी लागते. ऑक्टोबरमध्ये जागं होऊन उपयोग नसतो.

गोळी कधी घ्यायची, यावरही शिकायला मिळालं. चिठ्ठीवर आम्ही सवयीने 'सकाळी नाश्त्यानंतर' लिहायचो. टोळी पहाटे तीन-चारला उठून फडात जाते, नाश्ता कुठला? एका बाईने मला फोनवर सांगितलं, "मॅडम, नाश्ता झाला की घेईन म्हणत म्हणत आठ दिवस झाले." तेव्हापासून मी 'रात्री भाकरीबरोबर' लिहिते. पाकिटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून खोपीच्या आतल्या आडव्या बांबूला टांगायची, पोरांचा हात पोचणार नाही आणि भाकरी करताना दिसेल अशी. फोनही मी रात्री आठनंतरच करते. तेव्हा माणसं खोपीवर आलेली असतात आणि कोणाचा तरी मोबाईल चार्ज असतो. निम्मा वेळ बीपीवर जातो, निम्मा घरची म्हातारी कशी आहे हे सांगण्यात.

आमच्या कामाच्या नोंदींच्या ॲपमध्ये फॉलोअपचा रकाना आहे. पण माझा पेशंट या महिन्यात उपकेंद्रात आला नाही, एवढंच त्याला कळतं. तो कोल्हापूरच्या फडात वेळेवर गोळी घेतोय, हे टाकायला जागा नाही. हिवाळ्यात माझे वरचे पैसे थोडे कमी होतात ते असे. पहिल्या वर्षी फार चिडचीड केली, आता त्या महिन्यांचा हिशोबच कमी धरते.

एएनएम सिस्टर हे सगळं लांबून बघत होत्या. दुसरी खुर्ची २०२२ मध्ये आली, ग्रामपंचायतीने दिली. ती त्यांनी स्वतः पुसून माझ्या बाजूला ठेवली, पण 'मॅडम' काही सुटलं नव्हतं. टोळीच्या रजिस्टराबद्दल त्यांचं मत एकदाच ऐकलं होतं, तेही आशाताईकडून: "इथले पोर्टल भरंनात अन हिला सांगलीची पडलीय."

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी राज्यातल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. मागणी एकच, आम्हाला कायम करा. मीही गेले. वडिलांचा बारावा महिना माझ्या डोक्यातून कधी गेलेला नव्हताच. जिल्ह्याच्या गावी मंडपात बसून दिवस मोजत होतो. घोषणा, भाषणं, दुपारी खिचडी. आणि दसरा होऊन गेलेला. एक नोव्हेंबरला कारखाने सुरू होणार होते.

आशाताईचा फोन आला. "मॅडम, उद्या रात्री गाड्या भरायल्यात. दोन टोळ्या. गोळ्यांचं काय करायचं?"

मी मंडपाबाहेर जाऊन उभी राहिले. संपात असताना जाऊन औषधं वाटली, तर संप कसला? बाजूला माझ्यासारख्याच शंभर-दीडशे मुली बसलेल्या, त्यांच्याही गावात कोणी ना कोणी अडकलेलंच होतं. आणि नाही गेले तर? ३७ नंबरच्या काकू या वेळीही जाणार होत्या. हात धड नाही, पण नवरा आणि मुलगा तोडायला, म्हणून त्या खोपीवर भाकरी करायला आणि नातू सांभाळायला. त्यांना आता दोन प्रकारच्या गोळ्या होत्या. मी त्या रात्री काहीच ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत नाही. संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत आले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

साडेनऊला फोन वाजला. एएनएम सिस्टरांचा. त्या मला कामाशिवाय कधी फोन करत नसत. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, पोरं रडत होती, कोणीतरी भांडी मोजत होतं.

"अगं, तुझं ते टोळीचं रजिस्टर काढलंय कपाटातून," त्या म्हणाल्या. "हितं ट्रकाच्या फाळक्यापाशी खुर्ची टाकून बसलेय. बीपी घेतले सगळ्यांचे, वाढलेले दोघं हायेत, त्यांचं डॉक्टरांशी बोलून झालंय. पण तुझं अक्षर लागंना. सदतीस नंबरच्या पुढं हे काय लिहिलंय, अठरा का अठ्ठावीस?"

"अठरा," मी म्हटलं. "दोन्ही गोळ्यांचे अठरा-अठरा."

"पाकिटं का गोळ्या?"

"पाकिटं."

"बरं." मग फोन जरा लांब धरून, "ए, ती पिशवी हिकडं आण गं." मग पुन्हा मला, "जरा नीट काढत जा अक्षर," असं म्हणून त्यांनी पुढचं नाव वाचलं.